चौथा माउस, तेच मनगट

एप्रिल लागला की माझ्याकडे दोन पाहुणे हमखास मुक्कामाला येतात: लग्नपत्रिकांची कामं आणि उजव्या मनगटातली ठणक. नागपुरात पारा चाळिशी ओलांडतो, कूलर दिवसभर घरघरत असतो, आणि रात्री साडेदहाला मी 'श्री'च्या वेलांटीचा एक नोड, म्हणजे रेषेला वळण देणारा बिंदू, जागेवर आणायला झगडत असते. नोड धरला, ओढला, आता सोडणार तेवढ्यात कर्सर टुणकन दोन मिलिमीटर बाजूला. कंट्रोल झेड. पुन्हा धरा. पुन्हा टुणकन. चौथ्या वेळी हाताकडे बघते तर बोटांची पेरं पांढरी पडलेली.

चार वर्षांत मी चार वायरलेस माउस घेतले. पहिला साडेचारशेचा, दुसरा आठशेचा, तिसरा दोन हजारांच्या आतबाहेर, आणि चौथ्याची किंमत घरात अजून कोणाला ठाऊक नाही. प्रत्येक नव्या माउसनंतर पंधरा दिवस बरे जायचे, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. कणीक मळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ, लोणच्याच्या बरणीचं झाकण आईकडून उघडून घ्यायचं, झोपताना मनगट उशीखाली दाबून ठेवायचं. यंदा पाचवा माउस घ्यायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, निघालेही होते. चप्पल पायात असतानाच कंटाळा आला, परत फिरले आणि म्हटलं, आधी बघू तरी नेमकं काय होतंय.

जे सापडलं ते सविस्तर लिहिते. माझं म्हणणं थोडक्यात असं, की कर्सर ऐकत नाही म्हणून आपण मूठ आवळतो, आणि मूठ आवळली की हात दुखतो. तेव्हा आधी कर्सर वठणीवर आणायचा, मग टेबल-खुर्ची बघायची, आणि माउस सगळ्यांत शेवटी. मी चारही वेळा शेवटापासून सुरुवात केली.

गणपतीवर घसरणारा कर्सर

माझं टेबल म्हणजे बाबांच्या ऑफिसातलं जुनं सागवानी टेबल. वर जाड काच आणि काचेखाली मी केलेल्या पत्रिकांचे नमुने, म्हणजे गिऱ्हाईक आलं की इथूनच बोट ठेवून निवडतं. माउस चालतो त्या कोपऱ्यात सोनेरी फॉइलचा गणपती असलेली एक पत्रिका. पत्रिकांचा मजकूर टाइप करायला एक पोरगा येतो, तो त्या दिवशी माझ्या जागेवर बसला होता. दहा मिनिटं माउस इकडून तिकडे सरकवत बसला आणि म्हणाला, "ताई, माउसले काही नाही झालं. तुम्ही त्याले गणपतीवर चालवून रायल्या ना!"

खरंच तसं होतं. कर्सर वाटेल तिथे उडत नव्हता. पत्रिकेची कड जिथे संपते तिथे एक हिसका आणि फॉइलवर आला की नुसता नाच. काचेवर साधा पांढरा ए-फोर कागद टाकला. हिसका गेला.

कारण समजून घेतलं तर सोपं आहे. ऑप्टिकल माउसच्या पोटात एक बारका कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो, आधीच्या फोटोतला खडबडीतपणा पुढच्या फोटोत कुठे सरकला ते ताडून बघतो, आणि त्यावरून कर्सर किती हलवायचा ते ठरवतो. लाकूड, कागद, कापड यांवर त्याला धरायला काहीतरी सापडतं. स्वच्छ काचेवर काहीच सापडत नाही. प्रकाश आरपार जातो आणि तळाच्या पत्रिकेवरून कसाबसा परततो, तोही धूसर. तिथे चकाकती फॉइल असली की मग विचारूच नका. काही महाग माउसमध्ये काचेवर चालणारे सेन्सर येतात. लॉजिटेक कंपनीच्या डार्कफील्ड नावाच्या सेन्सरला काच निदान ४ मिलिमीटर जाड लागते. पण पन्नास-शंभर रुपयांच्या पॅडने जे काम भागतं, त्यासाठी हजारो मोजायचे हे मला तरी पटत नाही.

आता पंधरा दिवसांचं कोडं. नवा माउस आला की मी हौसेने टेबल पुसायची आणि कापडी पॅड अंथरायची. उन्हाळ्यात कूलरची दमट हवा थेट टेबलावर येते, पॅडच्या कडा वर वळतात, पत्रिकांचे नमुने दाखवायला पॅड उचलावाच लागतो, आणि एका दिवशी तो कपाटावर जातो. मग माउस पुन्हा काचेवर आणि माझी मूठ पुन्हा घट्ट. चार वर्षं दोष माउसच्या माथी. आता शिवलेल्या कडांचा, खाली रबर असलेला मोठा पॅड घेतलाय आणि पत्रिका डाव्या हाताच्या काचेखाली सरकवल्यात. गणपतीबाप्पाही सुरक्षित.

रिसीव्हर आणि हार्ड डिस्कची भाऊबंदकी

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. पॅडवरही अधूनमधून कर्सर अर्धा सेकंद थिजायचा आणि मग एकदम पुढे जाऊन उभा राहायचा. दिवसा क्वचित, संध्याकाळी जास्त. मला वाटलं वायफाय, कारण संध्याकाळी सगळी बिल्डिंग मोबाइलला चिकटते. पोराने पुन्हा तिरक्या नजरेने सीपीयूकडे बघितलं. मागच्या बाजूला, भिंतीलगत, माउसचे निरोप पकडणारा नखाएवढा रिसीव्हर आणि त्याला खेटून बाहेरची हार्ड डिस्क.

ही हार्ड डिस्क फक्त हंगामात लागते. जुन्या पत्रिकांच्या सगळ्या फाइली तिच्यावर, आणि "मागच्या वर्षी आमच्या पुतणीची केली होती ना, तशीच द्या" हे वाक्य एप्रिल-मेमध्ये रोज ऐकू येतं. म्हणजे डिस्क जोडलेली असायचे महिने आणि मनगट दुखायचे महिने तेच. चार वर्षांत हे डोक्यात आलं नाही.

बहुतेक वायरलेस माउस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, रिसीव्हरचा असो की ब्लूटूथचा. यूएसबी ३.० ची उपकरणं सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती ढकलतात, आणि त्या धांदलीतून जो रेडिओ गोंगाट होतो तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झमध्येही पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर रीतसर तांत्रिक टिपण काढलं होतं, म्हणजे गोष्ट जुनी आणि माहितीतली आहे. दुकानदार सांगत नाही, कारण त्याला नवा माउस विकायचा असतो. डिस्क, तिची वायर, तिचा सॉकेट, तिन्हीकडून गोंगाट येतो. त्याला लागूनच रिसीव्हर खोचला तर माउसचा बारीक आवाज बँडबाजाशेजारी कानगोष्ट करावी तसा हरवतो. त्यात सीपीयूचा पत्र्याचा डबा मधे, टेबलाखाली लोखंडी पाय. माउस बिचारा काय करणार!

तपासायचं कसं? डिस्क काढा आणि पंधरा मिनिटं काम करा. थिजणं थांबलं तर चोर सापडला. मग शंभर-दीडशे रुपयांची यूएसबी २.० एक्स्टेन्शन वायर घ्या, तिचं टोक टेबलावर आणा आणि रिसीव्हर माउसपासून वीतभर अंतरावर ठेवा. माझा रिसीव्हर आता पेनस्टँडच्या बुडाशी चिकटपट्टीने बसवलाय. पुढच्या बाजूच्या पोर्टात घातला तरी बराच फरक पडतो, मात्र शेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टात पेनड्राइव्ह खुपसू नका. काळा पोर्ट बहुधा यूएसबी २.० चा असतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर संगणक तिकडे वळवा, म्हणजे २.४ च्या गल्लीतली गर्दी तेवढी कमी.

ब्लूटूथ माउस असेल तर त्याला वेगळा रिसीव्हर नाही, म्हणून हे सगळं लागू नाही असं समजू नका. त्याचाही अँटेना लॅपटॉपच्या पोटात त्याच गोंगाटाशेजारी असतो. डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला, लांब वायरीवर ठेवून बघा.

बाकीच्या खोड्या

दोन मोठे चोर सापडल्यावर मला लक्षणं वाचायची सवय लागली. टेबलावरच्या ठरावीक जागी हिसका बसला तर पृष्ठभाग. कुठेही थिजून मग उडी मारली तर रेडिओ. माउस हलवत नसतानाही कर्सर जागच्या जागी थरथरतो तेव्हा उलटा करून सेन्सरच्या भोकात बघा, बहुतेकदा केस निघतो. आमच्याकडे मांजर आहे, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी निघतोच. कापूस गुंडाळलेली काडी कोरडीच फिरवा. दोन मिनिटं हात बाजूला ठेवून परत माउस धरला आणि तो जागा व्हायला वेळ घेतोय असं दिसलं तर सेल उतरलाय, नाहीतर विंडोजने वीज वाचवायला पोर्ट झोपवलाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी असते, ती खूण काढून टाका. सेलबद्दल एक लक्षात ठेवा: साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा आणि चार्ज होणारा १.२ व्होल्टचा, त्यामुळे चार्जिंगचा सेल घातल्यावर माउसचा दिवा लवकर कुरकुर करतो. सेल खराब आहे असं नव्हे.

एका क्लिकला दोन क्लिक पडतात, किंवा ओढताओढता वस्तू मधेच सुटते, हे मात्र पृष्ठभागाचं किंवा रेडिओचं काम नाही. बटणाखालच्या बारक्या स्विचमधली पत्ती झिजली किंवा गंजली की तसं होतं. वॉरंटी असेल तर बदलून घ्या, नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाला नवा स्विच डाग देऊन बसवतो. तोवर अशा माउसने काम करू नका. वस्तू सुटू नये म्हणून बटण गरजेपेक्षा दुप्पट जोराने दाबलं जातं, आणि ते जोर कुठे जमा होतात ते तुम्हाला रात्री कळतं.

सेटिंगमध्ये एक लबाडी लपलेली आहे. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' अशी एक खूण असते. नाव अचूकतेचं, पण काम वेगळंच. हात जोरात हलवला तर कर्सर जास्त अंतर जातो, हळू हलवला तर कमी, हाताने कापलेलं अंतर तेच असलं तरी. ऑफिसच्या कामाला ठीक. पण वेलांटीची गोलाई बसवताना हाताला अंतर पाठ व्हावं लागतं, आणि ते रोज बदलत राहिलं तर हात शिकणार कसा? खूण काढा. तीन-चार दिवस पायात दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटेल, मग वाटणार नाही.

डीपीआयचा, म्हणजे माउस एक इंच सरकवला की कर्सर किती पिक्सेल जातो त्या आकड्याचा, बाऊ तर विचारू नका. खोक्यावर ८००० लिहिलंय म्हणून माउस भारी, असा एक समज आहे. हिशेब करून बघा. स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद असेल तर ८०० डीपीआयला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला माउस २.४ इंच सरकवावा लागतो. १६०० ला १.२ इंच. आणि ८००० ला पाव इंचाहूनही कमी. पाव इंचात अख्खा स्क्रीन पार! अशा माउसवर रफार बसवायचा म्हणजे श्वास रोखून धरायचा, आणि श्वास रोखला की खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं ताठ. मी ८०० वर काम करते. फोर-के, म्हणजे रुंदीला दुप्पट पिक्सेल असलेल्या, स्क्रीनवाल्यांनी १६०० घ्यावा, तिथेही २.४ इंचच येतात. पोलिंग रेटचं, म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा निरोप पाठवतो त्याचं, तसंच. १२५ हर्ट्झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदाला निरोप. आपला साधा ६० हर्ट्झचा स्क्रीन तरी जवळपास १७ मिलिसेकंदांनी बदलतो. १००० चा हट्ट गेम खेळणाऱ्यांनी करावा, त्यांनाच तो शोभतो, आणि सेलही तेच बदलत बसतील.

आता हात

कर्सर सुधारल्यावर आठवड्याभरात ठणक निम्मी झाली. निम्मी उरली. ती फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेले. त्यांनी मनगटाला हात लावण्याआधी विचारलं, "टेबल किती उंच आहे?" मला सांगता येईना. घरी येऊन टेप लावली: ३० इंच. माझी उंची पाच फूट एक इंच आणि बसायला जेवणाच्या टेबलाची खुर्ची. म्हणजे दिवसभर उजवा खांदा कानाकडे उचललेला आणि मनगट काचेच्या कडेवर टेकून वर वळलेलं. माउस कितीही मऊ असता तरी काय फरक पडणार होता?

खुर्चीवर उशी टाकून कोपर टेबलाच्या उंचीला आणलं. मग पाय लोंबकळायला लागले. पायाखाली आधी जुन्या डिरेक्टऱ्यांचा गठ्ठा ठेवला, तो आईने बघितला आणि संध्याकाळपर्यंत माळ्यावरचा पाट खाली आला. पाट झकास आहे, उंची अगदी बेताची.

दुसरी गोष्ट कीबोर्डची. आकड्यांचा खण असलेला कीबोर्ड माउसला तीन-चार इंच उजवीकडे ढकलतो, आणि हात दिवसभर शरीरापासून लांब फेकल्यासारखा राहतो. मी आकडे फक्त बिल करताना टाइप करते. खण नसलेला कीबोर्ड घेतला आणि माउस जवळ आला. माउसवर खर्च करण्याआधी हा खर्च करून बघा, असं मी मैत्रिणींना सांगते. कोणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

दुखणं कुठे आहे यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो, निदान मात्र डॉक्टरांचं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग रात्री मुंग्या येऊन बधिर होत असेल तर मनगटातून जाणारी मीडियन नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळीकडे मुंग्या असतील तर ती वेगळी नस, आणि ती बहुधा कोपर टेबलावर टेकवल्याने कुरकुरते. माझं दुखणं अंगठ्याच्या मुळाशी होतं, म्हणजे अंगठ्याच्या स्नायूबंधांचं. माउसला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची सवय अंगाशी आली होती. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं तेव्हा बोटं बटणावर अधांतरी धरायची सवय तपासा. क्लिक होऊ नये म्हणून तर्जनी दिवसभर उचलून ठेवणारे कितीतरी जण मी बघितलेत. मुंग्या किंवा बधिरपणा दोन आठवड्यांत हटला नाही, किंवा हातातून वस्तू सुटायला लागल्या, तर माउसची दुकानं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

जेलच्या उशीवाले पॅड मला आवडत नाहीत. उशी नेमकी मनगटाच्या मऊ भागाला दाबते, आणि नस तिथूनच जाते. शिवाय मनगट एका जागी रोवलं की माउस बोटांनी आणि मनगटाच्या झटक्यांनी फिरतो. अख्खा हात कोपरापासून हलू दिला तर खांदा आपला वाटा उचलतो.

दुकानात जाताना

एवढं सगळं झाल्यावर मग माउस. मी चौथाच ठेवला असता, पण तो माझ्या हातासाठी मोठा होता हे आता स्पष्ट दिसत होतं. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावा. माझा हात १६.५ सेंटिमीटर. ढोबळमानाने १७ च्या आत लहान, १९ च्या वर मोठा. आता उदाहरणादाखल लॉजिटेकचा एमएक्स मास्टर ३एस बघा, ज्याच्यावर डिझाइनवाल्या मंडळींचा भारी जीव. साडेबारा सेंटिमीटर लांब, पाच उंच, १४१ ग्रॅम वजन, आणि फक्त उजव्या हातासाठी. मोठ्या पंजाचा माणूस त्यावर तळहात टेकवतो आणि सुखाने झोपावा तसा काम करतो. माझ्यासारखीला पुढची बटणं गाठायला बोटं ताणावी लागतात. त्याच घराण्यातला एमएक्स एनीव्हेअर ३एस १० सेंटिमीटरचा आणि शंभर ग्रॅमच्या आतला, पण पाठ इतकी सपाट की मोठा तळहात त्याच्यावर हवेतच राहतो. दोन्ही चांगले आहेत. प्रश्न पंजाचा आहे.

तुम्ही माउस धरता कसा, हेही बघा. तळहात पूर्ण टेकवणाऱ्याला उंच पाठीचा हवा. बोटं वाकवून, नख्या रोवल्यासारखी धरणाऱ्याला मधल्या आकाराचा. फक्त बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला छोटा आणि हलका. एका ए-ए अल्कलाइन सेलचंच वजन २३ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणून स्वस्तातला छोटा माउसही कधीकधी हातात दगड वाटतो. तोच लिथियमचा सेल १५ ग्रॅमच्या आसपास.

उभ्या माउसबद्दल सगळे विचारतात. शेकहँड करावा तसा हात राहतो, त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतची पिळवट कमी होते, हे खरं. लॉजिटेकच्या लिफ्टचा आणि एमएक्स व्हर्टिकलचा कोन ५७ अंशांचा. लिफ्ट लहान-मध्यम हातांसाठी, आणि तो डावखुऱ्यांनाही मिळतो, ही फार थोड्यांना माहीत असलेली चांगली गोष्ट. मैत्रिणीचा उभा माउस मी दहा दिवस वापरला. मनगटाला आराम पडला, पण क्लिक करताना माउस किंचित डावीकडे ढकलला जातो, आणि नोडवर काम करताना तेवढं किंचितही जाचतं. पानं लावणं, फोटो कापणं, मेल, हिशेब यांसाठी मी तो डोळे झाकून सुचवीन. अक्षरांच्या कडा घासायला नाही. अंगठ्याने गोळा फिरवायचे ट्रॅकबॉल तर अंगठा दुखणाऱ्यांनी टाळावेतच. माझ्यासाठी तो आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार झाला असता. ब्रशने रंगवायचं काम जास्त असेल तर माउस सोडा आणि पेन टॅब्लेट घ्या.

नागपूरकरांसाठी खास सूचना: बाजूंना मऊ रबराचा लेप असलेला माउस दुकानात एसीत फार गोड लागतो. दोन उन्हाळे घामाने भिजला की तोच लेप चिकट होतो, मग त्यावर धूळ, मग काळा थर. चिकट माउस आपण बोटांच्या टोकांनी, तिरस्काराने धरतो, आणि पुन्हा चिमटी सुरू. खरखरीत कडक प्लास्टिकचा घ्या, ओल्या फडक्याने पुसता येतो. आणि हो, मृग बहाराची संत्री सोलून त्याच हाताने माउस धरू नका. सालीतलं तेल फुग्यावर उडालं तर फुगा फुटतो, हा खेळ लहानपणी सगळ्यांनी केलाय. तेच तेल रबराच्या लेपावर.

बटणं किती हवीत? बाजूला दोन पुरतात, पण त्यांना काम नेमून देता आलं पाहिजे. पत्रिका ज्यात करते त्या कोरल ड्रॉ या प्रोग्रॅममध्ये मी एका बटणाला कंट्रोल झेड आणि दुसऱ्याला एफ ४ दिलंय, म्हणजे सगळं चित्र एका दाबात स्क्रीनवर. चाक दाबून धरलं की पान सरकतं, म्हणून चाकाचं दाबणं हलकं आहे का ते दुकानातच वीस वेळा दाबून बघा. कडक चाक मधल्या बोटाला महिनाभरात जेरीस आणतं. कंपनीचं सॉफ्टवेअर नसेल तर एक्स-माउस बटन कंट्रोल नावाचा फुकट प्रोग्रॅम विंडोजवर हेच करून देतो. चार्जिंगचा माउस असेल तर वायर जोडून काम चालतं का ते विचारा. अ‍ॅपलच्या मॅजिक माउसचा चार्जिंगचा पोर्ट पोटाखाली आहे, म्हणजे चार्ज होताना तो कासव उलटं पडावं तसा पडून राहतो आणि तुम्ही त्याच्याकडे बघत बसता.

बर्डीवरच्या दुकानदाराला मी म्हटलं, "भाऊ, खोकं नको, माउस हातात द्या." त्याने आधी नाक मुरडलं, मग चार-पाच काढले. मी टेपने मोजत होते तेव्हा शेजारचं गिऱ्हाईक हसत होतं. शेवटी त्यानेही टेप मागून घेतली.

मी घेतला तो सव्वादहा सेंटिमीटरचा, नव्वद ग्रॅमच्या आसपासचा, कडक पाठीचा. नाव सांगत नाही, कारण तुमचा पंजा माझा नाही. पहिला साडेचारशेवाला माउस, ज्याला मी चार वर्षांपूर्वी शिव्या देत खणात कोंबला होता, तो पोराने काढला, नवा सेल घातला आणि स्वतःच्या टेबलावर पॅडवर ठेवला. रिसीव्हर पुढच्या काळ्या पोर्टात. रोज सहा-सात तास मजकूर टाइप करतो, अक्षरं हलवतो. काल विचारलं, "काही त्रास?" म्हणाला, "कायचा त्रास, ताई? झकास चालून रायला."